ताई, शुक्रवारी कोलकात्याला चल

पत्र : मी 52 वर्षांची, वर्ध्याला राहते, शाळेत मराठी-संस्कृत शिकवते. नागपूरला असलेल्या धाकट्या बहिणीचा परवा रात्री फोन आला, "ताई, पुढच्या शुक्रवारी कोलकात्याला चल. नाताळाच्या आधीचा शनिवार-रविवार. पार्क स्ट्रीटचे दिवे बघू, केक खाऊ, परत येऊ." मी पटकन हो म्हणून बसले आणि तेव्हापासून झोप उडाली आहे. आमच्याकडे प्रवास म्हणजे दोन महिने आधी रिझर्व्हेशन आणि वहीत खर्चाचा तक्ता. यजमान म्हणतात, "ऐन गर्दीत, कडाक्याच्या थंडीत, बुकिंग नसताना दोघी बायका जाणार? पुढच्या वर्षी नीट ठरवून सगळेच जाऊ." सासूबाई 79 वर्षांच्या आहेत. त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि तेच मला टोचतंय. मुलगा पुण्याहून म्हणतो, "बिनधास्त जा", पण त्याला म्हणायला काय जातंय. बघण्यासारख्या ठिकाणांची यादी काढली तर 17 झाली : बेलूर, दक्षिणेश्वर, कालीघाट, शांतिनिकेतन, व्हिक्टोरिया, झू आणि बाकीची. बहीण म्हणते, यादी फाडून टाक. मी शाकाहारी आहे, केकपुरतं अंडं चालतं. जाऊ का?
— एक वाचक, वर्धा

उत्तर :

जा.

हे तुमचं आधीच ठरलंय. ज्याला जायचं नसतं तो 17 ठिकाणांची यादी काढत बसत नाही. तुम्हाला हवी आहे ती परवानगी, आणि ती द्यायचा अधिकार माझ्याकडे नाही, तुमच्या यजमानांकडे नाही, सासूबाईंकडेही नाही. रजा मंजूर करणाऱ्या मुख्याध्यापकांकडे थोडाफार आहे, त्यांच्याकडे शेवटी येते.

आधी यजमानांचं म्हणणं बघू, कारण त्यातलं एक खरं आहे. थंडीचा मुद्दा सोडून द्या. डिसेंबरच्या उत्तरार्धात कोलकात्यात पहाटेचा पारा साधारण 13-14 अंशांवर असतो. विदर्भात तो त्याच दिवसांत 10 च्या खाली उतरलेला तुम्ही दर वर्षी बघता. तिथले काका लोक मात्र त्या 14 अंशांत माकडटोपी, मफलर, स्वेटर अशा पूर्ण तयारीत असतात. त्यांना हसू नका, त्यांची वर्षभराची हौस असते ती. तुम्हाला एक शाल आणि एक स्वेटर पुरे.

गर्दीचं अर्धं खरं. पार्क स्ट्रीटवर पाऊल ठेवायला जागा नसते ती 24 च्या रात्री आणि 25 ला. तेव्हा रस्ता वाहनांना बंद करावा लागतो आणि माणूस चालत नाही, ढकलला जातो. त्याआधीच्या शनिवार-रविवारी दिवे लागलेले असतात, ॲलन पार्कमधला सरकारी नाताळ महोत्सव सहसा सुरू झालेला असतो, गर्दीही असते, पण थांबून वर बघता येतं. तुमच्या बहिणीने तारीख अचूक निवडली आहे.

बुकिंगच्या बाबतीत ते शंभर टक्के बरोबर आहेत. फक्त त्यांनी त्यातून काढलेला निष्कर्ष चुकला. अचानक निघायचं म्हणजे हवेत तरंगत जायचं असं नाही. दोन गोष्टी आज पक्क्या करा, परतीचं तिकीट आणि डोकं टेकायला खोली. बाकी सगळं बहिणीवर आणि पायांवर सोडा. जायचं तिकीट मिळालं नाही तर काय होईल? तुम्ही घरी राहाल, एवढंच. परतीचं मिळालं नाही तर नाताळाच्या सुटीत हावड्याला अडकाल, आणि मग "मी सांगत होतो" हे वाक्य पुढची वीस वर्षं ऐकाल.

"पुढच्या वर्षी नीट ठरवून सगळेच जाऊ" हे वाक्य आपल्या घराघरांत कुठल्या कप्प्यात जाऊन पडतं ते तुम्हाला माहीत आहे. सगळे जरूर जा. ती वेगळी सहल. तिच्यात मोठी बॅग असेल, औषधांचा डबा असेल, सगळ्यांना जागेवर चहा मिळाला का ते बघणाऱ्या तुम्ही असाल. या वेळी तुमची बहीण तुम्हाला बोलावते आहे, वहिनी-काकू-आई म्हणून नाही, ताई म्हणून. आणि नागपूरकरांनी न कळवता बंगालमध्ये जाण्याची ही काही पहिली वेळ नाही. 1740 च्या दशकात रघूजी भोसल्यांचे स्वार असेच जाऊन धडकत. त्यांच्या धास्तीने कोलकातेकरांनी शहराभोवती मराठा खंदक खणायला घेतला, आणि पोरं झोपवताना बंगाली आया अजून बर्गींची, म्हणजे त्या मराठा स्वारांची, भीती घालतात. तुम्ही दोघी फक्त केक लुटायला चालला आहात, तेव्हा निर्धास्त जा.

सासूबाईंचं काय? त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ तुम्ही लावत बसला आहात, त्यांना थेट विचारलं कुणी नाही. आज जेवणानंतर जवळ बसा आणि सांगा, "आई, गुरुवार संध्याकाळ ते सोमवार मी नाही. बहिणीबरोबर कोलकात्याला चालले आहे. तुमच्यासाठी काय आणू?" "जाऊ का" असं विचारू नका. त्या प्रश्नाला घरात कोणीच "हो" म्हणत नाही, "बघ बाई तुझं तू" म्हणतात, आणि मग तुम्ही त्याचाही अर्थ लावाल. त्यांच्या गोळ्यांच्या वेळा एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर लावा आणि यजमानांकडून एकदा वाचून घ्या. तीन दिवसांच्या भाज्या करून डबे भरून ठेवू नका. दोन महिने आधी खर्चाचा तक्ता करू शकणारा माणूस कुकरला वरणभात लावू शकतो. फार तर कणीक मळायला त्यांना फोनवर सांगा, नाहीतर वर्ध्यात पोळ्या विकत मिळतात.

आणि एक काम यजमानांना आवर्जून द्या. तुमची गाडी कुठे पोचली, किती उशिरा आहे, यावर लक्ष ठेवायचं. त्यांना ते मनापासून आवडेल. त्यांना सहलीतून वगळल्यासारखंही वाटणार नाही.

आता गाडी. मुंबई-हावडा मेल आणि गीतांजली या दोन्ही तुमच्या मार्गावरच्या. तुम्हाला मेल सोयीची. ती शुक्रवारी दुपारच्या आत नागपूर सोडते आणि शनिवारी पहाटे हावड्याला लागते. गीतांजली संध्याकाळची, ती दुसऱ्या दिवशी दुपारी पोचवते, म्हणजे अर्धा शनिवार गेला. पण तुम्ही वर्ध्याला आणि बहीण नागपूरला असं वेगवेगळं चढू नका. गुरुवारी शाळा सुटली की तुम्हीच नागपूर गाठा. बहिणीकडे झोपा. शुक्रवारी सकाळी स्वतःच्या घरातून निघायचं म्हटलं की गॅसवालाही तेव्हाच येतो आणि कामवालीही तेव्हाच सुटी मागते.

साध्या कोट्यात आज जागा मिळाली तर उत्तम. नाही तर तत्काळ, आणि इथे बरेच जण फसतात. तत्काळ एक दिवस आधी उघडतं, पण तो दिवस गाडी जिथून सुटते तिथला धरतात. मेल मुंबईहून गुरुवारी रात्री निघते आणि तुमच्याकडे शुक्रवारी येते. म्हणजे तुमचं तत्काळ गुरुवारी नाही, बुधवारी उघडेल. एसीसाठी सकाळी 10 ला, स्लीपरसाठी 11 ला. आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडलेलं लागतं, ते आजच तपासा, बुधवारी पावणेदहाला नको. बुधवारी दहाला तुम्ही वर्गात असाल, तेव्हा हे खातं बहिणीचं वापरा. पक्कं झालेलं तत्काळ रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत हेही लक्षात असू द्या. मग शुक्रवारी सकाळी मन डळमळलं तर निदान तिकिटाचे पैसे तुम्हाला गाडीत बसवतील. वेटिंगवर मात्र चढू नका, आता ते खपवून घेत नाहीत.

परत येताना रविवारी संध्याकाळची मेल धरा, सोमवारी दुपारी नागपूर. हात थोडा सैल सोडायची तयारी असेल तर कोलकाता-नागपूर थेट विमान दोन तासांच्या आत पोचवतं. नाताळाच्या सुमारास भाडं चढलेलं असतं, पण तुमचा प्रवास अंगावर येत असेल तर जाताना रेल्वे आणि येताना विमान हा सौदा वाईट नाही. घेतलंत तर संध्याकाळचं घ्या. डिसेंबरात सकाळी दमदमच्या विमानतळावर धुकं असलं की वेळापत्रक कोलमडतं.

खोलीसाठी पहिला फोन हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात करा. कोलकात्यातल्या मराठी मंडळींची ही जुनी वास्तू, आणि तिथे उतरायची सोय आहे. थाटमाट नाही, पण दोघी बायका आहोत म्हणून काळजी करणाऱ्या यजमानांना हे नाव ऐकूनच निम्मं बरं वाटेल. जवळच जतीन दास पार्क मेट्रो स्टेशन आहे, तिथून चौथं स्टेशन पार्क स्ट्रीट. कालीघाटचं मंदिरही तिथून जवळ, म्हणजे यादीतलं एक नाव आपोआप सुटलं. तिथे जागा नसेल तर न्यू मार्केट आणि सदर स्ट्रीटच्या भागात बघा. तिथे दर घसघशीत आणि खोल्या कधीकधी खिडकीविना, म्हणून फोनवर खिडकी आणि गरम पाणी, दोन्हींची खात्री करून घ्या.

बहिणीचं ऐकून यादी फाडू नका, घडी घालून पर्समध्ये ठेवा. पण शांतिनिकेतनावर आत्ताच काट मारा. ते शहरातलं ठिकाण नाही, दीडशेच्या वर किलोमीटर लांब आहे, आणि बंगाली पंचांगातला 7 पौष म्हणजे 23 डिसेंबरच्या आसपास तिथला पौष उत्सव असतो, त्या सुमारास बोलपूरला खोली मिळणं मुश्कील. झूही नको. नाताळाच्या दिवसांत अलिपूरच्या झूमध्ये अर्धं कोलकाता डबे घेऊन आलेलं असतं, प्राण्यांपेक्षा माणसंच जास्त दिसतात. बेलूर आणि दक्षिणेश्वर पुढच्या वर्षी यजमानांबरोबर. त्यांच्या तक्त्यात ती चांगली बसतील.

उरलं ते एवढं. हावड्याला उतरल्यावर बाहेर अंधार असेल तर स्टेशनातच चहा घेत उजाडू द्या. मग समोरच्या जेट्टीवरून बोट पकडा. नदीखालून मेट्रो 2024 पासून धावते, तिचं कौतुक खूप आहे आणि ती सोयीचीही आहे, पण पहिल्यांदा कोलकात्यात शिरताना पाण्यावरून शिरावं. काही रुपयांचं तिकीट, लाकडी बाक, सायकलवाले आणि टोपलीवाले सोबतीला, आणि डाव्या हाताला धुक्यातून वर येणारा 1943 चा हावडा पूल. मेट्रोने परत येताना जा. नदीचा पट्टा मिनिटाच्या आत मागे पडतो.

तिथे दिवस लवकर मावळतो हे आधीच ध्यानात घ्या. डिसेंबरात वर्ध्याला साडेपाचला सूर्य बुडतो, कोलकात्यात पाचच्या आधीच. म्हणून शनिवारी अंघोळ-नाश्ता आटोपून सकाळीच न्यू मार्केट गाठा. 1874 चं लाल विटांचं मार्केट, आणि आत नाहूमची बेकरी. 1902 पासून चालत आलेली, बगदादी ज्यू कुटुंबाची. नाताळाच्या आठवड्यात तिथली रांग मार्केटच्या गल्लीत वळणं घेत जाते. रांगेत उभ्या असलेल्या बायकांच्या हातात घरातल्या सगळ्यांची मागणी लिहिलेल्या चिठ्ठ्या असतात. काउंटरमागे जुनी काचेची लाकडी कपाटं, केक कागदी खोक्यात घालून दोऱ्याने बांधून देतात. ज्यू मालक, भट्टीवर बहुतेक मुसलमान कारागीर, आणि गिऱ्हाइकांत निम्म्याहून जास्त घरी लक्ष्मी पुजणारे. फ्रूट केक घ्या, आठवडाभर टिकतो. रांगेचा कंटाळा आला तर वेलेस्लीच्या गल्लीत साल्दान्हांची बेकरी आहे, 1930 ची, मूळच्या गोव्याच्या घराण्याची. मला विचाराल तर दोन्हीकडचा घ्या आणि गाडीत दोघी बसून निकाल लावा.

दुपारी, ऊन आहे तोवर, साउथ पार्क स्ट्रीटची दफनभूमी. नाताळाच्या सहलीत स्मशान कशाला, असं बहीण म्हणेल. तुम्ही संस्कृतच्या बाई आहात, म्हणून सांगते. 1767 साली सुरू झालेल्या या जागेत विल्यम जोन्सची समाधी आहे, कालिदासाला इंग्रजीत नेणाऱ्या, एशियाटिक सोसायटी काढणाऱ्या जोन्सची. शेवाळलेले उंच मनोरे आणि पिरॅमिड, त्यांच्यावर वाकलेली झाडं. विशी-पंचविशीत तापाने गेलेल्या माणसांची नावं वाचत दोन तास कसे जातात कळत नाही.

बाहेर पडलात की तुम्ही पार्क स्ट्रीटवरच असता आणि साडेपाचला दिवे लागलेले असतात. आता काही बघायला जाऊ नका, नुसतं चौरंगीच्या दिशेने चाला. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत डोक्यावर प्रकाशाचं छत असतं. फुटपाथवर लुकलुकणारी हरणाची शिंगं विकणारे असतात, आणि ती शिंगं कॉलेजच्या पोरी घालतात तितक्याच हौसेने शाल पांघरलेल्या आजीबाईही घालतात. तुम्हीही घ्या एक. शाळेतलं कोणी तिथे नसणार. ॲलन पार्कच्या मंचावर कुठल्यातरी शाळेची मुलं कॅरल गात असतील, मागे त्यांचे आईबाप मोबाईल उंच धरून. 1927 पासूनच्या फ्लुरीज या केक-चहाच्या दुकानाबाहेर रांग असेल. तिच्यात उभं राहायचं की नाही हे पायांना विचारा. माझं मत, संध्याकाळी नको, रविवारी सकाळी लवकर जा. इथे रात्री उशिरापर्यंत कुटुंबंच्या कुटुंबं फिरत असतात, तेव्हा दोघी बायका म्हणून घाबरायचं कारण नाही. पर्स मात्र पुढे धरा, गर्दी ती गर्दीच.

रविवारी सकाळी मैदान, तिथून सेंट पॉल कॅथेड्रल. 1847 चं. याचा मनोरा 1897 आणि 1934 अशा दोन भूकंपांत पडला, आता दिसतो तो नंतरचा. रविवारची प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर गप्प बसा, कोणी उठवत नाही. शेजारीच व्हिक्टोरिया मेमोरियल, तिथे रांग मोठी असेल तर आत जायचा हट्ट नको, बागेत बसलात तरी चालेल. वेळ उरलाच तर बो बॅरॅक्स, लाल विटांच्या चाळींसारख्या तीनमजली इमारती, पहिल्या महायुद्धाच्या काळात सैनिकांसाठी बांधलेल्या. आता तिथे अँग्लो-इंडियन कुटुंबं राहतात आणि नाताळात अंगण सजवतात. लोकांची राहती घरं आहेत ती, विचारून मगच फोटो काढा.

खाण्याची चिंता सोडा. बंगाल म्हणजे मासे हे खरं, पण हिवाळ्यात तिथे मटाराचं सारण भरलेल्या कचोऱ्या आणि सोबत बटाट्याची रस्सेदार भाजी मिळते, सकाळी दोन-चार खाल्ल्या की दुपारपर्यंत भूक लागत नाही. आणि मुख्य गोष्ट, नोलेन गूर. खजुरीचा नवा गूळ. आपल्याकडे शिंदी म्हणतात तेच झाड. थंडीच्या रात्री त्याला मडकं बांधतात, पहाटे रस उतरवतात आणि ऊन चढायच्या आत आटवायला घेतात, नाहीतर तो आंबतो. थंडी जितकी चांगली तितका रस गोड. म्हणून हा गूळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच खरा, बाकी वर्षभर त्याच्या नावाचा नुसता वास. त्या गुळाचे संदेश, रसगुल्ले, पायस, जे समोर येईल ते खा. मधुमेहाचं बघून खा, पण खा.

सासूबाईंसाठी हेच आणा. दुकानात गेल्यावर "नरम पाक" की "कडा पाक" विचारतील. नरम पाकाचा संदेश त्यांच्या दातांना सोपा, पण तो दिवसभराच्या प्रवासात बिघडतो. गाडीने येणार असाल तर कडा पाक घ्या, त्यांना दुधात कुस्करून देता येईल. जयनगरचा मोआही घ्या, त्याच गुळात बांधलेला लाह्यांचा मऊ लाडू. गूळ घरी न्यायचा तर पाटाली, म्हणजे ढेप. पातळ गुळाची बाटली नको, बर्थखाली फुटली की सगळ्या डब्याला कळतं. आणि जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका, गाडीत चहाबरोबर खायला वर्ध्याचा गोरसपाक ठेवा. शेजारच्या बर्थवरचे बंगाली काका "ये क्या है" विचारतील, आणि मग पार्क स्ट्रीटवर कुठे काय खायचं याची माझ्यापेक्षा चांगली यादी तुम्हाला फुकट मिळेल.

राहिले मुख्याध्यापक. शुक्रवार आणि सोमवार, दोन किरकोळ रजा. वर्ष संपताना त्या नाहीतरी वाया जाणार आहेत. अर्ज उद्याच द्या. कारणाच्या रकान्यात "बहिणीकडे जाणे" असं लिहा. खोटं नाही त्यात काही.